डावी पापणी

माझ्या आयुष्यातला हा भाग मी आजवर कुणालाही सांगितलेला नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून लपवण्यासारखं माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. मुलाने एकदा विचारलं होतं, बाबा, तुम्ही स्टुडिओत नेमकं काय करायचात. तेव्हा मी त्याला डेव्हलपर ढवळायचा कसा, हे इतकं सविस्तर सांगितलं की त्याने पुन्हा तो विषय काढला नाही. या आठवणी लिहायला घेतल्या तेव्हाही शाळा संपवून मी सरळ लग्नावर उडी मारली होती. मधली वर्षं कुठे गेली, असं कुणी विचारलं नसतं. पण परवा हडपसरला एका ओळखीच्यांच्या नव्या फ्लॅटवर चहाला गेलो, तर समोरच्या भिंतीवरून शिवराम माझ्याकडे बघत होता. फोटो शिवरामचा नव्हता. त्या घरच्या पणजोबांचा होता. सोफा बदलला, टीव्ही भिंतीएवढा झाला, पण पणजोबा जुन्या घरातून चंदनाच्या हारासकट नव्या घरात आले होते, आणि त्यांची डावी पापणी किंचित झुकलेली होती. यजमान म्हणाले, "आमच्या पणजोबांचे डोळे बघा काका, काय करारी आहेत." मी चहा अर्धा टाकून उठलो.

ते डोळे माझे आहेत. म्हणजे मी काढलेले आहेत. आणि ज्याचे बघून काढले, तो त्या पणजोबांचा कुणीही नव्हता.

मॅट्रिकनंतर मला गावाहून हडपसरला बापूमामांकडे पाठवलं. हडपसर तेव्हा धड गाव नव्हतं आणि धड शहरही नव्हतं. सोलापूर रस्त्याच्या एका बाजूला कारखान्यांचे भोंगे वाजत आणि दुसऱ्या बाजूला उसात मोटांचं पाणी खळाळे. पहाटे भाजीच्या लिलावाचा गलका सुरू व्हायचा तो आम्हाला घड्याळासारखा उपयोगी पडे. मामांचा फोटो स्टुडिओ रस्त्यालगत होता. पुढची खोली फोटोची, मधली अंधारी, आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. त्यामुळे मामीच्या फोडणीला फोटो पक्का करायच्या हायपोचा वास यायचा आणि मामांच्या फोटोंना लसणाचा. मामीने एकदा घाईत मटकी फोटो धुवायच्या ट्रेमध्ये भिजत घातली. मामांनी जेवताना ताटाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "उसळ छान धुतली गेलीय. आता वाळत घालू." मामी म्हणाली, "जेवायचं तर जेवा, नाहीतर चिकटवा अल्बममध्ये." त्यांचा संसार असाच चालायचा. आवाज कुणी चढवत नसे.

मामांनी मला रिटचिंग शिकवलं. आता हे काय असतं ते सांगायला हवं, कारण माझी नात ज्याला रिटचिंग म्हणते ते ती अंगठ्याने करते. तेव्हा निगेटिव्ह एका तिरक्या काचेच्या मेजावर ठेवायची, खाली आरसा लावून खिडकीचा उजेड घ्यायचा, आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने माणसाचा चेहरा दुरुस्त करत बसायचं. निगेटिव्हमध्ये सगळंच उलटं. चेहरा काळा, केस पांढरे, आणि सुरकुती म्हणजे उजळ रेघ. त्या रेघेवर शिसं चढवलं की फोटोत सुरकुती हलकी होते. श्वास रोखून टिंब टिंब करत जायचं. दिवसभर असं बसल्यावर मला माणसंही उलटीच दिसायला लागायची. मामीच्या कपाळावरचं कुंकू पांढरं दिसायचं.

मामांचा मुख्य नियम असा, की माणूस सुधारायचा पण बदलायचा नाही. "फोटो बघून आईने म्हटलं पाहिजे, आज बरा दिसतोय. हा कोण, असं म्हणता कामा नये." देवीचे व्रण असले तर अर्धे ठेवायचे. "सगळे काढलेस तर घरात घेणार नाहीत त्याला." एक कारकून गालावरचा मोठा तीळ काढून मागायला आले होते. मामा त्यांना म्हणाले, "काढतो की. पण तुमच्या सौभाग्यवती हा फोटो उशाशी ठेवणार आणि तीळवाले आपण शेजारी झोपणार. उद्या काही झालं तर माझ्याकडे येऊ नका." कारकून तीळ घेऊन घरी गेले. मला तेव्हा हे फक्त विनोदी वाटायचं. मामा माणसाच्या घरातली शांतता सांभाळतात, हे कळायला मला फार उशीर लागला.

आमच्याकडे दुसरं एक काम यायचं, त्यावर स्टुडिओचं खरं नाव होतं. त्या काळी पुष्कळ म्हाताऱ्या माणसांनी आयुष्यात फोटोच काढलेला नसे. माणूस गेला की घाईघाईने मामांना बोलावणं यायचं. म्हाताऱ्याला भिंतीला टेकवून बसवत, फेटा बांधत, गंध लावत, आणि मामा काळ्या फडक्यात डोकं घालून फोटो घेत. पण मिटल्या डोळ्यांचा फोटो भिंतीवर लावायला कुणी तयार नसे. पोरं घाबरतात, शिवाय दिवा लावला तरी म्हातारा बघतच नाही म्हटल्यावर लावणाऱ्याला वाईट वाटतं. म्हणून डोळे उघडून द्यायचे. फोटोची मोठी प्रत काढून त्यावर बारीक ब्रशने डोळे रंगवायचे, आणि त्या प्रतीचा पुन्हा फोटो काढायचा, म्हणजे ब्रश दिसत नाही. मात्र हे मामा गिऱ्हाइकांना असं सांगत नसत. ते सांगत, "आम्ही डोळे काढत नाही हो, उघडतो. पापणी वर केली की खाली जे असतं ते दिसतं." लोकांना हे अगदी पटायचं. नाहीतरी कोरा कागद अंधारात नेऊन पाण्यात टाकल्यावर माणूस वर येतो, हे तरी कुणाला समजलेलं होतं? त्यात एक पापणी उघडली तर नवल काय?

मामांच्या हाताला कंप सुटायला लागला तेव्हा हे काम माझ्याकडे आलं. पहिले डोळे मी फार मन लावून काढले. मामांनी प्रत उजेडात धरली.

"दोन्ही सारखे काढलेस?"

"हो मामा. मोजून."

"देवाने तरी कुणाचे मोजून काढलेत का? म्हातारा कारखान्यातून आल्यासारखा दिसतोय. एखादी पापणी खाली पाड, एखादी भुवई वर ने. कुणाकडे तरी बघून काढ. रस्त्यावर माणसं कमी पडली का?"

मी खिडकीतून बघितलं. समोर रस्त्यापलीकडे गोदामावशींची खानावळ होती, आणि दारातल्या टेबलापाशी त्यांचा मुलगा शिवराम बसला होता. त्याची कारखान्यात दुपारची पाळी असे, त्यामुळे सकाळभर तो तिथे बसून रस्त्याकडे बघायचा. इतकं स्थिर बसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मामा म्हणत, याला फोटोत हलू नका सांगायची गरज नाही, हला म्हणावं लागेल. मोठे, शांत डोळे, आणि डावी पापणी किंचित झुकलेली, जणू त्या बाजूचं जग त्याने आधीच बघून ठेवलंय. मी ते डोळे काढले. मामा म्हणाले, "आता माणूस झाला." मग पुढच्या म्हाताऱ्यालाही तेच काढले. त्याच्या पुढच्यालाही. हाताला एकदा वळण पडलं की ते सोपं जातं, आणि कौतुक होत असताना वळण बदलायचं कुणाला सुचतं? शिवाय एका घरातले लोक दुसऱ्याच्या भिंतीवरच्या मेलेल्या माणसाच्या पापण्या कशाला बघतील, असं मला वाटलं. असं काही मला वाटलंसुद्धा नाही, हे जास्त खरं आहे.

गोदामावशी वर्ध्याकडच्या. नवरा गेल्यावर कडेवरच्या शिवरामला घेऊन भावाच्या आधाराने पुण्यात आल्या, भाऊही गेला, आणि मग त्यांनी कारखान्यातल्या विदर्भाकडच्या मुलांसाठी खानावळ सुरू केली. मी भाकरी-पिठलं खाऊन वाढलो होतो, गोळाभात पहिल्यांदा त्यांच्याकडे खाल्ला. गरम भातावर बेसनाचे गोळे कुस्करून त्या वरून कडकडीत तेल सोडत, आणि चर्र आवाज झाला की म्हणत, "ऐकलं का? आता खा." मला त्या कधी गिऱ्हाइकासारखं वागवत नसत. खिडकीतून हाक मारत, "दिगंबर, डोळे फुटतीन तुहे. उठ, दोन घास खाऊन जा." शिवरामकडे बघून मी काय रंगवतोय, हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं.

पहिल्यांदा घोटाळा सोनाईमुळे झाला. सोनाई म्हणजे मळ्यातल्या नानांची बायको. नाना गेले, मी त्यांचे डोळे उघडून दिले, फोटो लागला. सोनाई रोज त्या फोटोला दिवा दाखवायची, आणि काही महिन्यांनी एकदा भाजी विकायला म्हणून खानावळीवरून गेली. शिवराम दारात बसलेला. सोनाई जागच्या जागी थबकली, तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि मान खाली घालून रस्त्याच्या कडेने गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. मग ती जाता-येता टेबलावर कधी दोन वांगी, कधी मुठीएवढा फ्लॉवर ठेवायला लागली. शिवरामने आईला विचारलं, "ही आजी मला का लाजते?" मावशी म्हणाल्या, "म्हातारं माणूस हाय. घे वांगे."

सोनाईचा मुलगा रंगनाथ आईच्या मागोमाग एकदा आला, शिवरामसमोर उभा राहिला आणि बराच वेळ बघत राहिला. शेवटी शिवराम म्हणाला, "जेवायला वेळ आहे अजून. बसा." रंगनाथ जेवायला आलेला नव्हता. संध्याकाळपर्यंत मळ्यात बोलणं सुरू झालं, की नानांचं एक पोरगं खानावळीत बसतंय. नाना आयुष्यात लोणी काळभोरच्या पुढे गेलेले नव्हते. पण मग कुणाला तरी आठवलं, की बैल बघायला ते एकदा नगरला गेले होते आणि उशिरा परतले होते. नगर म्हणजे वर्ध्याच्या शेजारीच की, असं ठरलं. ज्यांनी नकाशा पाहिलेला होता त्यांनीही मान डोलावली.

तेवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मिटलंही असतं. पण गावात शिवरामच्या डोळ्यांचे म्हातारे आणखी होते. तिघी बहिणी होत्या, भाऊ नसलेल्या. त्यांचे वडील शेवटची बरीच वर्षं अंथरुणावर खिळलेले, त्यांना बाहेर कुठे जाणं शक्यच नव्हतं. तरी राखीपौर्णिमेला तिघी ताट घेऊन खानावळीत आल्या आणि थोरली रडत म्हणाली, "आबा बोलायचे नाहीत, पण त्यांच्या डोळ्यांत कायम काहीतरी राहिलेलं दिसायचं. आत्ता कळलं काय ते." शिवरामने हात पुढे केला. म्हणाला, "बांधा. फक्त हात दोनच आहेत, पुढच्यांना सांगून ठेवा." आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. त्या दिवशी मी खिडकीपासून उठून रस्ता ओलांडला असता, तर पुढचं काही घडलं नसतं. रस्ताही त्या वेळी काही रुंद नव्हता.

हसणं संपलं ते नळावर. गोदामावशी घागर घेऊन गेल्या की बायकांचं बोलणं थांबायला लागलं. एका पोराला एक बाप लाभला असता तर लोकांनी दबक्या आवाजात बोलून सोडून दिलं असतं, पण इथे प्रत्येक घर आपापला म्हातारा पुढे करत होतं, आणि या सगळ्या म्हाताऱ्यांची बेरीज त्या एका बाईच्या नावावर होत होती. त्यातच शिवरामचं लोणी काळभोरच्या मुलीशी जमत आलं. मुलीकडच्यांना फोटो हवा होता. मामांनी फोटो घेतला आणि निगेटिव्ह माझ्यासमोर ठेवली. "थोडंसंच कर. पोरगा मुळात चांगलाय."

मी निगेटिव्हकडे बघत बसलो. हा फोटो लोणीला जाणार, लोणीची माणसं हडपसरच्या घरांतून उठबस करणार, आणि भिंतीवरच्या म्हाताऱ्यांशी तो ताडून बघणार. तेव्हा मला एक अक्कल सुचली. म्हाताऱ्यांचे डोळे तर आता भिंतीवर गेले होते. पण शिवरामचे अजून माझ्या हातात होते. मी त्याची डावी पापणी वर उचलली. भुवईही जरा वळवली. दोन्ही डोळे सारखे झाले. मूळ माणसाच्या फोटोतून मी त्याचेच डोळे काढून घेतले, कारण ते मी आधीच दुसऱ्यांना देऊन बसलो होतो.

मुलीचे वडील फोटो खिशात घालून मुलगा बघायला आले. फोटो बघितला, शिवरामकडे बघितलं, परत फोटो बघितला.

"फोटोतलं पोरगं आन् हे पोरगं येक न्हाई."

"मीच आहे तो," शिवराम म्हणाला.

"मग डोळं का बदललं? काय लपवताय?"

तिथे बसलेल्या कुणीतरी त्यांना समजावून सांगितलं, की डोळे का लपवावे लागले असतील. म्हणजे गावाने रचलेली गोष्ट त्यांना सांगितली. माझ्या हातून गेलेला फोटो त्या गोष्टीचा पुरावाच ठरला. ते गृहस्थ सरळ होते. लगेच उठून गेले नाहीत. म्हणाले, "मला कुणाच्या जुन्या गोष्टीत पडायचं न्हाई. पण पोरगी द्यायचीय. येकदा सगळ्यांसमोर काय ते होऊन जाऊ द्या."

ते ज्या दिवशी झालं तो दिवस मला रेघ न् रेघ आठवतो. दुपारच्या जेवणाआधी लोक खानावळीत जमले, आणि येताना प्रत्येकाने आपला म्हातारा काखेत मारून आणला. रंगनाथने नानांना पोत्यात गुंडाळून आणलं होतं. तिघी बहिणींनी आबांना आलटून पालटून धरलं होतं. एक फोटो सायकलच्या कॅरिअरला बांधून आला. कामगार जिथे बसून जेवायचे त्या बाकावर सगळे म्हातारे हारासकट ओळीने टेकवून ठेवले, आणि टोकाला शिवरामला बसवलं. सगळे एकाच नजरेने समोर बघत होते. पहिल्या पाळीची मुलं जेवायला आली, त्यांना वाटलं कुणाचं तरी श्राद्ध आहे. एकाने चपला काढून ओळीने सगळ्यांना नमस्कार केला, आणि शेवटी शिवरामलाही केला. शिवराम म्हणाला, "राहू दे रे. मी अजून आहे." कुणीही हसलं नाही.

रंगनाथ म्हणाला, "आमच्या म्हाताऱ्याचं डोळं हायेत ते. आंधळ्यालाबी दिसंल."

"आमच्या आबांचे आहेत," थोरली बहीण म्हणाली.

"मग दोघांचं कसं असंल?"

ज्या प्रश्नाने सगळ्यांना शहाणं करायला हवं होतं त्याचं उत्तर म्हणून सगळ्यांनी गोदामावशींकडे बघितलं.

त्या चुलीपाशी उभ्या होत्या. रडल्या नाहीत, कुणाशी भांडल्या नाहीत. त्यांनी पदराला हात पुसले आणि रस्त्यापलीकडे हाक मारली, "दिगंबर, इकडे ये." मी गेलो. मामाही मागून आले. मावशींनी एकेका फोटोकडे बोट केलं.

"हे फोटो तू केले ना बाप्पा?"

"हो."

"मग तूच सांग मले. हे डोळे याहिचेच हाय, का तू मनानं काढले?"

इतका सरळ प्रश्न मला आयुष्यात पुन्हा कुणी विचारला नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, बाकावरचेसुद्धा. मी मामांकडे पाहिलं. मामा जमिनीकडे बघत होते. मी खरं बोललो असतो तर त्याच संध्याकाळी घराघरांतून फोटो परत आले असते, प्रत्येक घरात आपण इतके दिवस कुणाला दिवा लावला हा प्रश्न उभा राहिला असता, स्टुडिओ बंद पडला असता आणि मी गावी. हे सगळं मी त्या क्षणी विचारपूर्वक तोललं, असं म्हटलं तर मला बरं वाटेल. पण तसं नव्हतं. मला फक्त सगळ्यांसमोर माझं काम खोटं आहे असं म्हणवेना.

मी म्हणालो, "त्यांचेच आहेत. आम्ही फक्त पापणी वर करतो."

गोदामावशींनी मान हलवली, जशी दुकानदाराने माल संपला सांगितल्यावर हलवतात. "बरं," म्हणाल्या. मग वळून त्यांनी कामगारांची ताटं मांडायला घेतली. बाक अडवून बसलेल्या म्हाताऱ्यांना त्यांनी स्वतःच्या हाताने एकेक करून उचलून भिंतीकडेला ठेवलं; एकाचा हार निसटला होता तो नीट केला. मुलीचे वडील जेवायला थांबले नाहीत.

लग्न मोडलं. रंगनाथने शिवरामकडून मळ्यावर हक्क नसल्याचं लिहून घेतलं, आणि शिवरामने, ज्या मळ्यात त्याने कधी पाय ठेवला नव्हता तो, शांतपणे सोडला. म्हणाला, "अजून काही सोडायचं असलं तर आत्ताच सांगा, मला पाळीला जायचंय." बहिणींनी मात्र त्याला सोडलं नाही, पुढच्या राखीला आल्या तेव्हा खानावळीला कुलूप होतं. मायलेक कात्रजला गेले होते, तिकडे दुधाच्या कामावर शिवरामला नोकरी मिळाली होती. जाताना मावशींनी मामीकडे लोणच्याची बरणी दिली. माझं नाव काढलं नाही, आणि मी त्या वेळी अंधाऱ्या खोलीत होतो. तिथे काही काम नव्हतं.

मामांनी मला त्याबद्दल एकच वाक्य ऐकवलं. काही दिवसांनी नवा म्हातारा आला, तो माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "यापुढे जरा वेगवेगळे उघड." म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. बाकावरची ओळ बघितल्याबरोबर त्यांना कळलं होतं; चेहरे वाचण्यात आयुष्य गेलेला माणूस तो. मी त्यांना कधी विचारलं नाही की तुम्ही का गप्प राहिलात, कारण मग त्यांनी मला तेच विचारलं असतं.

माझी नात आयटीत आहे. मध्यंतरी तिने माझा फोटो काढला आणि म्हणाली, "आजोबा, स्किन स्मूथ करू का थोडी? एकदम नॅचरल दिसेल." मी म्हटलं, कर. माझं तोंड सोललेल्या अंड्यासारखं झालं. ती म्हणाली, "क्यूट ना?" फोटोतल्या त्या माणसाने आयुष्यात काहीच केलेलं नव्हतं. मी तिला तो पुसायला लावला. तिला वाटलं, आजोबांना आवडला नाही.

मामांनंतर स्टुडिओ फार चालला नाही. रंगीत फोटो आले, माणसं जिवंतपणी भरपूर फोटो काढून ठेवायला लागली, डोळे उघडायची गरज संपली. मी छापखान्यात नोकरी धरली. कात्रजला जायचं मात्र डोक्यात कायम होतं. मुलगा लहान असताना त्याला सर्पोद्यान दाखवायच्या निमित्ताने मी किती वेळा तिकडे गेलो, याची गणती नाही. जाताना गोदामावशींच्या गल्लीपर्यंत जायचो, तोंडाशी उभा राहायचो, आणि मग मुलाला नाग दाखवून घरी आणायचो. माझ्या मुलाला महाराष्ट्रातले सगळे साप ओळखता येतात, ते यामुळे. त्याला वाटतं, बाबांना सापांचं वेड होतं.

शेवटी निवृत्त झाल्यावर एकदा मी त्या गल्लीत शिरलो. ती आमची शेवटची भेट. मावशी फार थकल्या होत्या, पण त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. शिवराम आदल्या वर्षी गेला होता, ते मला तिथे कळलं. त्याचं पुढे लग्न झालं होतं, सून कामावर गेलेली होती. भिंतीवर त्याचा रंगीत फोटो होता. कुठल्याशा दुकानात करून घेतलेला, चेहरा गुळगुळीत, मागे निळे ढग, आणि दोन्ही डोळे अगदी सारखे.

"दुकानवाला म्हणे, पापणी दुरुस्त करून देली," मावशी म्हणाल्या. "मले काही तो शिवराम वाटत नाही. पण लोक चांगला हाय म्हणतात. जेवला का तू?"

"हो."

"खोटं नको बोलू. तुले जमत नाही ते."

त्यांनी मला वाढलं. वरण, भात आणि वांग्याचं भरीत. मी येताना बसमध्ये एक वाक्य तयार करून आणलं होतं. गोदामावशी, ते सगळे डोळे मी शिवरामकडे बघून काढले होते. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर खोटं बोललो. मला माफ करा. लांब नव्हतं. मी प्रत्येक घासाबरोबर ते आत ढकलत होतो. मावशी समोर भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"काही बोलाले आला होता का?"

"नाही मावशी. सहज."

"हडपसरहून कात्रजले सहज कोणी येत नाही," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. खरोखर थांबल्या. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली, विरली, तरी त्या माझ्याकडे बघत थांबल्या होत्या.

मी म्हणालो, "भरीत फार छान झालंय."

"इकडचे वांगे तसे नसते," त्या म्हणाल्या, आणि आणखी थोडं थांबल्या. मग हळूच उठून माझं ताट उचलायला वाकल्या. मी ते त्यांच्या हातून घेतलं, धुतलं, पालथं घातलं, आणि येतो म्हणून निघालो.

स्वारगेटच्या बसमध्ये बसल्यावर ते वाक्य मला पुन्हा सगळंच्या सगळं आठवलं. बस सुटली तेव्हा त्याचा शेवट माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेला, "माझं चुकलं, मला माफ करा." शेजारी एक तरुण मुलगा बसला होता. त्याने खाली बघून पाय जरा आवरून घेतला आणि म्हणाला, "काही हरकत नाही काका. लागलं नाही."